वसईचे श्रीमंत व्यापारी भिक्षू का झाले? जाणून घ्या संत गोन्सालो गार्सिया यांच्याविषयी

पहिले भारतीय संत कोण, असे विचारले की अनेक जण केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांचे नाव घेतात. त्या पहिल्या भारतीय महिला संत; त्यांना २००८ मध्ये संतपद मिळाले. पण आपल्याच कोकण किनाऱ्यावरच्या वसईचे गोन्सालो गार्सिया यांना ते त्याआधी जवळपास दीडशे वर्षे मिळाले होते.

वसई ते जपान

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. तेव्हा वसई पोर्तुगीजांकडे होती. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण किल्ल्यातल्या जेझुइट धर्मगुरूंकडे झाले. पंधराएक वर्षांचे असताना ते धर्मगुरूंसोबत जपानला गेले आणि तिथली भाषा सफाईने बोलू लागले. आठेक वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती, तो मात्र मिळाला नाही.

मग ते व्यापारात उतरले. बंदरा-बंदरांत ओळखी आणि जपानी भाषा, दोन्ही हाताशी होते. धंद्यात जम बसला, पैसा आला.

मग सगळे सोडले का?

कारण मूळची ओढ गेली नव्हती. मनिलात त्यांची गाठ फ्रान्सिस्कन संघाशी पडली. या संघात स्वतःची मालमत्ता ठेवता येत नाही; भिक्षेवर जगायचे आणि गरिबांत राहायचे, असा नियम. १५८८ च्या सुमारास गोन्सालो तिथे दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे 'ब्रदर' म्हणून. ज्याने स्वतःची पेढी चालवली, त्याने तिशीत हे करणे सोपे नव्हते.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे दूत म्हणून पाठवले. दुभाषी होते गोन्सालो. क्योटोत राहण्याची परवानगी मिळाली. तिथे या भिक्षूंनी चर्च बांधलेच, शिवाय कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालये काढली. ज्यांना कोणी जवळ करत नव्हते, त्यांची शुश्रूषा हे त्यांचे रोजचे काम झाले.

मृत्युदंड कशामुळे?

मिशनऱ्यांनी देश सोडावा, असे फर्मान हिदेयोशींनी १५८७ मध्येच काढले होते. पण त्याची अंमलबजावणी सैल होती. ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज वादळात जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरचा माल जप्त झाला. आधी मिशनरी येतात आणि मागून स्पेनचे सैन्य, हा संशय बळावला आणि त्याचा फटका भिक्षूंना बसला.

जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. त्यानंतर ऐन थंडीत महिनाभर प्रवास करून त्यांना नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारीला २६ जणांना क्रुसाला बांधून भाल्यांनी मारले. त्यात बारा-तेरा वर्षांची जपानी मुलेही होती. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते.

वसईत आज काय आहे?

पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संत घोषित केले. वसईच्या किल्ल्यात त्या काळातल्या चर्चचे अवशेष उभे आहेत, तर गास गावातले चर्च गोन्सालो यांच्या नावाचे आहे. वसईतले एक महाविद्यालयही त्यांच्याच नावाने चालते. तिथल्या गुणपत्रिकेवर हे नाव वाचणाऱ्या किती मुलांना जपानची ही गोष्ट ठाऊक असेल, कोण जाणे.