मासळीबाजारातला गव्हर्नर

अल स्मिथचा मला राग येतो आणि कीवही. वडील गेल्यावर शाळा सोडून न्यूयॉर्कच्या मासळीबाजारात राबलेला हा पोरगा पुढे चार वेळा गव्हर्नर झाला. १९११ च्या आगीत १४६ कामगार गेले, तेव्हा कारखान्यांचे कायदे बदलायला झटला तो हाच! १९२८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्याला अध्यक्षपदासाठी उभे केले; नाव सुचवले मित्राने, फ्रँकलिन रूझवेल्टने. कॅथलिक म्हणून अनेकांनी मत नाकारले. १९३२ मध्ये उमेदवारी रूझवेल्टने नेली. १९३६ मध्ये स्मिथने रिपब्लिकन लँडनचा उघड प्रचार केला. सरकार फार हातपाय पसरते, ही तक्रार. मला मात्र त्यात दुखावलेला मित्रच दिसतो. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. त्यात स्मिथचे न्यूयॉर्कही होते.