रिक्षा, टेम्पो आणि नगरचे फिरोदिया: मूळ गाडी तीच, बॉडी नवी! कसा घडला हा प्रवास?

साच्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन मुरवायचं आणि कडक झालं की साचा सोडवायचा. गाडीचा फायबरचा बंपर किंवा मडगार्ड घराच्या अंगणातही असं तयार होतं. मोठं प्रेस मशीन लागत नाही, म्हणून गाडीची बॉडी हवी तशी बदलून घेणाऱ्यांना फायबर परवडतं. इंजिन आणि सांगाडा तोच, वरची बॉडी मात्र आपल्या गरजेची.

हाच विचार सुमारे ७५ वर्षांपूर्वी एका नगरकराने केला, तोही हौसेसाठी नाही, तर माणसाने माणसाला ओढणं थांबावं म्हणून. त्यातून ऑटोरिक्षा भारतीय रस्त्यांवर आली.

कोण होते नवलमल फिरोदिया?

नवलमल फिरोदिया यांचा जन्म १९१० मध्ये अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. वडील कुंदनमल ऊर्फ भाऊसाहेब फिरोदिया हे वकील आणि काँग्रेसचे नेते. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. शहरातली भाऊसाहेब फिरोदिया शाळा त्यांच्याच नावाची.

नवलमल यांनीही कायद्याचं शिक्षण घेतलं. गांधीजींच्या विचारांनी ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि तुरुंगातही गेले. पुढे वाहन उद्योगात नाव कमावलेला हा माणूस मुळात वकील होता.

रिक्षाची कल्पना कुठून आली?

त्या काळी देशातल्या अनेक शहरांत रिक्षा माणूसच ओढायचा, कुठे हातांनी, कुठे सायकलचे पेडल मारत. घामाघूम माणसाच्या मागे दुसऱ्याने आरामात बसावं, हे फिरोदिया यांना खटकत होतं.

इटलीच्या पियाज्यो कंपनीने १९४८ मध्ये 'आपे' ही तीनचाकी आणली. पुढून व्हेस्पा स्कूटर, मागे दोन चाकं आणि माल भरायचा हौदा. १२५ सीसीचं छोटं इंजिन. या गाडीचं चित्र फिरोदिया यांनी एका मासिकात पाहिलं. जी गाडी माल वाहते, ती माणसं का वाहणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला.

नेमका बदल काय होता?

हौद्याच्या जागी प्रवाशांचं आसन आलं, डोक्यावर हूड आणि पाय ठेवायला जागा. ऐकायला सोपं वाटतं, पण यात मेख आहे. पुढे एकच चाक असलेली गाडी वेगात वळली की कलंडू शकते. त्यामुळे वजन शक्य तितकं खाली आणि मागच्या दोन चाकांजवळ असावं लागतं. आजही रिक्षात प्रवासी मागेच का बसतात, त्याचं एक कारण हे.

गाडी तयार झाली तरी तिला रस्त्यावर आणायला सरकारची परवानगी हवी होती. फिरोदिया यांनी ही कल्पना मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे मांडली. मान्यता मिळाली आणि रिक्षाचा मार्ग मोकळा झाला. बजाज समूहाच्या कंपनीला १९५९ मध्ये दुचाकी-तीनचाकी देशातच बनवण्याचा परवाना मिळाला.

'टेम्पो' हा शब्द आला कुठून?

१९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून बजाज टेम्पो सुरू झाली. 'हान्झियाट' या तीनचाकीपासून सुरुवात झाली. मूळ नाव मागे पडलं आणि मराठीत माल वाहणारी प्रत्येक छोटी गाडी 'टेम्पो' झाली. पुढे 'मॅटॅडोर'चंही असंच झालं.

यातल्या कित्येक गाड्यांची मागची बॉडी गावोगावचे बॉडी बिल्डर बांधून देत. कुणाला दुधाचे कॅन न्यायचे असत, कुणाला कांद्याच्या गोण्या. गाडी कंपनीची, बॉडी गिऱ्हाइकाच्या गरजेची.

१९६८ च्या सुमारास बजाज आणि फिरोदिया घराण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बजाज टेम्पो फिरोदियांकडे राहिली. नवलमल यांचं १९९७ मध्ये निधन झालं. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. त्यांचे बंधू हस्तीमल यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने नगरमधूनच 'लुना' घरोघरी पोहोचवली.

आज घरी फायबरचे पार्ट बनवताना काय लक्षात ठेवाल?

• रेझिनची वाफ घातक असते. काम मोकळ्या हवेत करा. योग्य मास्क, हातमोजे आणि चष्मा वापरा.

• हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत कधीच मिसळू नका. भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, हार्डनर अगदी शेवटी घाला.

• मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. बदल मोठा असेल तर आधी आरटीओत विचारा.

फिरोदिया यांनीही बदललेली गाडी आधी सरकारला दाखवली, मगच ती रस्त्यावर आली.