डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि रोमन काळातील महाराष्ट्र

इतिहासाच्या तासाला रोमचे प्रकरण निघाले म्हणजे वर्गातील मुलांचे डोळे चमकू लागतात. कोणास हॅनिबलने आल्प्स पर्वत ओलांडला ती हकीकत आवडते, कोणास ज्यूलियस सीझरची गॉल प्रांतातील युद्धे आवडतात, तर कोणी नीरोच्या क्रौर्याच्या गोष्टी पुनःपुन्हा ऐकू इच्छितात. मग एखादा धीट विद्यार्थी विचारतो की, गुरुजी, या सर्वांत आपणांस कोणता काळ प्रिय आहे? माझे उत्तर पुष्कळांस अनपेक्षित वाटते. बादशहा ऑगस्टसपासून अंतोनिनस पायसपर्यंतची सुमारे दोनशे वर्षे मला सर्वांत अधिक मोह घालतात. या काळात मोठ्या लढाया थोड्याच झाल्या. परंतु याच काळात रोमच्या प्रजेची गलबते आपल्या कोकणच्या बंदरांत येत होती आणि पैठणच्या राजाचे नाव इजिप्तमधील एका विद्वानाच्या ग्रंथात लिहिले जात होते. रोमचा इतिहास व महाराष्ट्राचा इतिहास ही दोन पुस्तके या एका पानावर परस्परांस शिवलेली आहेत.

ती शिवण ज्यांनी आपणांस स्पष्ट करून दाखविली, त्यांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अग्रगण्य होत. ते आपल्या कोकणचेच सुपुत्र; आपल्याच रत्नागिरीत शिकलेले आणि पुढे येथील सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक झालेले. त्यांचे चरित्र येथील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावे, म्हणून ते थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. घरी संपत्ती नव्हती. वडिलांची बदली रत्नागिरीस झाली, तेव्हा मुलास येथील इंग्रजी शाळेत शिकण्याची संधी मिळाली. पुढे १८५३ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात गेले. मुंबई विश्वविद्यालयाची बी. ए. परीक्षा १८६२ साली जे पहिले विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत न्यायमूर्ती रानडे यांच्याबरोबर भांडारकरही होते. पुढील वर्षी ते एम. ए. झाले. संस्कृतात जगभर नाव मिळविणाऱ्या या पुरुषाने त्या भाषेचा सखोल अभ्यास लहानपणी नव्हे, तर इंग्रजी शिक्षण बरेच झाल्यावर, तरुणपणी आरंभिला, ही गोष्ट उशिरा जाग्या होणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८६४ साली सिंधमधील हैदराबाद येथे ते मुख्याध्यापक झाले व पुढच्याच वर्षी रत्नागिरीस आले. ज्या गावात त्यांनी बालपणी धडे गिरविले, तेथेच ते गुरुजनांचे प्रमुख होऊन परतले. मुलांस संस्कृत शिकणे सुलभ व्हावे म्हणून त्यांनी जी दोन पाठ्यपुस्तके लिहिली, ती याच सुमाराची. त्यांवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि १८९३ साली निवृत्त झाले.

त्यांचे लक्ष प्राचीन लेखांकडे वळण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. १८७० च्या सुमारास एका पारशी गृहस्थाने एक ताम्रपट त्यांच्या हाती दिला व तो वाचून देण्याची विनंती केली. तो वाचण्यासाठी त्यांना जुन्या लिपींचा व जुन्या राजवंशांचा अभ्यास करावा लागला. त्या एका ताम्रपटाने त्यांना प्राचीन इतिहासाच्या दारात नेऊन उभे केले. १८७४ साली लंडन येथे प्राच्यविद्येच्या पंडितांची परिषद भरली, तीकरिता त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध लिहून पाठविला. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनरी विद्वानाच्या स्मरणार्थ मुंबई विश्वविद्यालयात जी भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला स्थापन झाली, तिची पहिली व्याख्याने १८७७ साली भांडारकरांनीच दिली.

आता त्यांच्यापुढे कोणता पेच होता तो पाहू. आपल्या महाराष्ट्रावर एके काळी सातवाहन राजे राज्य करीत होते, हे पुराणांतील याद्यांवरून कळते. परंतु त्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. तीत तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे पराक्रम वर्णिले असून, त्याने क्षहरातांचा वंश निर्मूल केला असे सांगितले आहे. लेखाचा काळ दिला आहे तो तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष. पण हे एकोणिसावे वर्ष केव्हाचे? एखाद्या घरच्या जुन्या वहीत आजोबा वारल्यानंतरचे सातवे वर्ष एवढेच लिहिलेले असावे, आणि आजोबा केव्हा वारले हे कोणासच ठाऊक नसावे, तशी ही स्थिती होती. राजे होते, त्यांचे पराक्रम होते, कोरलेले दगड होते. परंतु काळ नव्हता.

या पेचात रोमचा इतिहास साहाय्यास आला. ख्रिस्तपूर्व ३० साली ऑगस्टसने इजिप्त देश रोमच्या सत्तेखाली आणला. ज्याच्या आज्ञेने नावनिशी झाली म्हणून योसेफ व मरिया बेथलेहेमास गेली, तोच हा ऑगस्टस. त्याच्या काळी तांबड्या समुद्रावरील एका बंदरातून दरवर्षी सुमारे १२० गलबते हिंदुस्थानाकडे निघत, असे स्ट्रॅबो या भूगोलवेत्त्याने नमूद केले आहे. मोसमी वाऱ्यांचा उपयोग करून ती येत व वारा फिरताच परत जात. आपला माल इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीस पोहोचे व तेथून रोमकडे जाई. प्रेषित पौलास बंदिवान म्हणून इटलीस नेणारी जहाजेही अलेक्झांड्रियाचीच होती, हे शास्त्रपाठाच्या वर्गातील मुलांस आठवेल. हिंदुस्थानाकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स नाणी वाहून जातात, अशी तक्रार प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने केली आहे. हा प्लिनी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला.

त्याच पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने या जलमार्गाचे वर्णन लिहून ठेविले. त्यात भडोच आहे, सोपारे आहे, कल्याण आहे, चौल आहे. पैठण व तगर या नगरांहून गोमेदासारखे रंगीत खडे व सुती कापड गाड्यांत घालून खडतर वाटेने भडोचेस आणीत, असेही त्यात सांगितले आहे. चौलच्या दक्षिणेस त्याने आणखी काही बंदरांची नावे दिली आहेत. त्यांपैकी एक आपले जयगड असावे असे कित्येकांचे मत आहे, तर कित्येक ते राजापूरकडे नेतात. वाद कसाही मिटो. आपल्या खाड्यांची तोंडे त्या परदेशी नाविकास ठाऊक होती, यात संशय नाही.

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी अलेक्झांड्रियात टॉलेमी नावाचा ज्योतिषी व भूगोलवेत्ता होऊन गेला. त्याच्या भूगोलात पैठण ही सिरो पोलेमायोस याची राजधानी म्हणून व उज्जयिनी ही तियास्तेनेस याची राजधानी म्हणून दिली आहे. ग्रीक मुखातून निघालेल्या या नावांत श्री पुळुमावी व क्षत्रप चष्टन ही आपलीच नावे दडलेली आहेत. टॉलेमीने आकाशाचे जे वेध घेतले, त्यांची वर्षे त्याने हेड्रियन व अंतोनिनस या रोमन बादशहांच्या कारकिर्दीवरून दिली आहेत, ती इ. स. १२७ ते १४१ या काळातील ठरतात. तेव्हा त्याचा काळ निश्चित आहे. शिवाय चष्टनाचा नातू रुद्रदामन याचा जुनागडचा शिलालेख ७२ व्या वर्षाचा आहे, व ते वर्ष शकाचे धरिले म्हणजे इ. स. १५० येते. असे हे दुवे भांडारकरांनी एकत्र जोडले आणि नाशिकच्या लेखातील पुळुमावी ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या शतकात राज्य करीत होता असे दाखविले. रोमच्या बादशहाची वर्षे मोजता मोजता पैठणच्या राजाचा काळ हाती आला! दक्षिणेच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८४ साली प्रसिद्ध झाला.

भांडारकरांच्या हयातीतच त्यांच्या विवेचनास बळकटी देणारा एक शोध लागला. १९०६ साली नाशिकजवळील जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक रुप्याची नाणी सापडली व त्यांचे वर्णन रेव्हरंड स्कॉट यांनी प्रसिद्ध केले. ती सर्व क्षहरात राजा नहपान याची असून, त्याच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत. आणि त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उठविला आहे. वृद्ध मातेने दगडावर कोरविलेली साक्ष रुप्याने खरी केली.

परंतु भांडारकरांचे सर्वच निर्णय टिकले असे म्हणणे सत्यास सोडून होईल. गौतमीपुत्र व पुळुमावी या पितापुत्रांनी एकाच वेळी राज्य केले असे त्यांचे मत होते. ते आज बहुतेक विद्वान मानीत नाहीत. नहपानाचा काळही आता त्यांनी ठरविला त्याहून बराच मागे, पहिल्या शतकात नेला जातो. तगर म्हणजे धारूर असावे असे त्यांनी सुचविले होते, पुढे डॉ. फ्लीट यांनी ते धाराशिवजवळचे तेर होय असे दाखविले, व तेच आज सर्वमान्य आहे. याच तेर येथे सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती, व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीत १९३८ साली मिळालेल्या हिंदी कारागिरीच्या मूर्तीशी जुळती आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत रोमन लोकांच्या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली तीही १९४४ च्या सुमारास. हे पाहावयास भांडारकर जिवंत नव्हते.

मग त्यांची थोरवी कशात? ती त्यांच्या पद्धतीत आहे. इतिहास शोधणाराने न्यायाधीशासारखे असावे, वकिलासारखे असू नये, अशी त्यांची शिकवण होती. आपला देश आपणांस प्रिय असतो. म्हणून आपले राजे अधिक प्राचीन, अधिक थोर ठरावेत असे मनास वाटते. भांडारकरांनी त्या इच्छेस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहू दिले नाही. परदेशी मनुष्याची साक्ष ती परक्याची म्हणून त्यांनी टाकली नाही, आणि आपल्या पुराणांची साक्ष ती आपली म्हणून तपासल्यावाचून घेतली नाही. ज्याने पुरावा उघडपणे मांडला, त्याची चूक पुढच्या पिढीस दुरुस्त करिता येते. ज्याने अभिमानाने झाकला, त्याची चूक तशीच राहते.

ही सत्यनिष्ठा त्यांनी केवळ दगडांसाठी व नाण्यांसाठी राखून ठेविली नव्हती. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात प्रचंड वाद माजला असता त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ त्याच चिकित्सक दृष्टीने तपासले व लहान मुलींच्या बाजूने आपले मत प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला. तो काळ ज्यांनी पाहिला, त्यांना या एका कृत्याची किंमत काय होती हे सांगावे लागत नसे. आप्तेष्टांचा रोष व समाजाचा बहिष्कार डोळ्यांपुढे दिसत असताही जे सत्य ठरले, ते त्यांनी प्रथम आपल्या घरात आणिले. ते प्रार्थनासमाजाचे अनुयायी होते, आमच्या पंथाचे नव्हते. परंतु सत्यासाठी आपल्या घरची शांती पणास लावणारा पुरुष कोणत्याही पंथाच्या मनुष्यास वंद्यच वाटला पाहिजे.

पुढे मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. जर्मनीतील गटिंगेन विश्वविद्यालयाने १८८५ साली त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. १८९३ पासून दोन वर्षे ते मुंबई विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते. १९११ साली ते सर झाले. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यास त्यांच्या नावाने प्राच्यविद्येचे मंदिर स्थापन झाले व आपला ग्रंथसंग्रह त्यांनी त्यास अर्पण केला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचा देहान्त झाला.

बालमित्रहो, एखाद्या सायंकाळी रत्नदुर्गाच्या बुरुजावर उभे राहून पश्चिमेकडे पाहा. ज्या वाऱ्यावर पूर्वी आपले मच्छीमार बांधव शिडे उभारीत, त्याच वाऱ्यावर ऑगस्टसच्या काळची गलबते येत असत. रोमचा इतिहास दूरच्या लोकांचा, परीक्षेपुरता पाठ करावयाचा, असे यापुढे मानू नका. त्याच्या एका पानावर आपल्या घराचा पत्ता लिहिलेला आहे. तो पत्ता वाचणारा मनुष्य एका कारकुनाचा मुलगा होता आणि याच गावच्या रस्त्याने शाळेस जात होता. आईबापांनीही आपल्या मुलांस एवढे अवश्य सांगावे की, आपल्या पूर्वजांवर प्रेम करावे. परंतु त्यांच्याविषयी जे बोलावे, ते खरे असल्याची खात्री करून मगच बोलावे.