तार्येई वेसोस

तार्येई वेसोस (२० ऑगस्ट, १८९७ – १५ मार्च, १९७०) हे नॉर्वेचे कादंबरीकार व कवी होते. त्यांनी नीनोर्स्क या लेखनरूपात साहित्यनिर्मिती केली. नॉर्वेजियन भाषेच्या दोन अधिकृत लेखनरूपांपैकी ग्रामीण बोलींवर आधारलेले हे रूप तुलनेने कमी लोक वापरतात. गोठलेल्या निसर्गात घडणारी त्यांची ‘इस-स्लोट्टे’ (बर्फाचा महाल) ही स्वप्नवत कादंबरी विशेष प्रसिद्ध आहे.

पूर्वायुष्य

वेसोस यांचा जन्म टेलेमार्क प्रांतातील विन्ये येथे शेतकरी कुटुंबात झाला. तीन भावांत ते थोरले असल्याने पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात चालत आलेली शेती त्यांनीच सांभाळावी, अशी अपेक्षा होती. लेखनासाठी त्यांनी हा वारसा नाकारला. या निर्णयाचा अपराधभाव त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिला. गाव मात्र त्यांनी सोडले नाही. १९३४ साली कवयित्री हाल्डिस मोरेन यांच्याशी विवाह झाल्यावर ते विन्येतच स्थायिक झाले.

साहित्यिक कारकीर्द

त्यांची पहिली कादंबरी १९२३ साली प्रकाशित झाली. जर्मन आक्रमणानंतरच्या काळाचे रूपकात्मक चित्रण त्यांनी १९४५ च्या ‘हूसे इ मर्क्रे’ (अंधारातील घर) या कादंबरीत केले. ‘फुग्लाने’ (पक्षी, १९५७) ही इतरांना मंदबुद्धी वाटणाऱ्या मात्तिसची कथा आहे.

बर्फाचा महाल

१९६३ साली प्रकाशित झालेल्या या कादंबरीत सिस व उन या अकरा वर्षांच्या दोन मुली आहेत. आईच्या मृत्यूनंतर मावशीकडे राहायला आलेली उन एका संध्याकाळी सिसला मनातले काही सांगू पाहते; पण ते अव्यक्तच राहते. दुसऱ्या दिवशी संकोचामुळे शाळा टाळून ती गोठलेला धबधबा पाहायला जाते आणि त्यातील बर्फाच्या दालनांत भरकटून थंडीने मरण पावते. गावकऱ्यांना ती सापडत नाही. मैत्रिणीला न विसरण्याचे वचन मनोमन देऊन सिस मौन धरते.

कादंबरीत चमत्कार घडत नाही. कडाक्याच्या थंडीत धबधब्याचे पाणी थरावर थर गोठते आणि त्याचे स्तंभ व दालने तयार होतात, ही नैसर्गिक घटनाच येथे स्वप्नाचे रूप घेते. मुलांच्या मनातील बोलता न येणारे दुःख या थिजलेल्या पाण्यातून व्यक्त होते. म्हणूनच ही कथा नॉर्वेबाहेरील, बर्फ न पाहिलेल्या वाचकालाही परकी वाटत नाही. वसंतात महाल रात्री कोसळून नदीतून वाहून जातो, तेव्हा ते पाहायला कोणीही नसते. तोवर मावशीने सिसला वचनातून मुक्त केलेले असते.

पुरस्कार व मृत्यू

या कादंबरीला १९६४ चा नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम वेसोस यांनी नवोदित लेखकांसाठीच्या निधीला दिली. त्यांच्या नावाचा पदार्पण पुरस्कार त्यातूनच सुरू झाला. १९७० साली ओस्लो येथे त्यांचे निधन झाले. ‘इस-स्लोट्टे’वर १९८७ साली त्याच नावाचा चित्रपट निघाला.