सासवण्याचे शिल्पघर आणि नानासाहेब करमरकर

पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील अश्वारूढ शिवपुतळा महाराष्ट्राला परिचित आहे. तो घडविणारे विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर मात्र विस्मरणात जात आहेत. अलिबाग तालुक्यातील सासवणे या त्यांच्या जन्मगावी त्यांचे राहते घर आज शिल्पसंग्रहालयाच्या रूपाने उभे आहे. रायगड जिल्ह्याचा हा किनारा झपाट्याने बदलत असताना या घराचे मोल समजून घ्यावयाचे, तर आधी त्यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

नानासाहेबांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि गावात कलाशिक्षणाची सोय नव्हती. गावातील राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाबा जिल्ह्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले. त्यांच्या साह्याने या मुलाला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळाला आणि तेथे त्याने मेयो पदक पटकावले. पुढे रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांच्या प्रोत्साहनाने करमरकरांनी कलकत्त्यात आपली कार्यशाळा थाटली. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांनी अध्ययन केले आणि धातूच्या ओतकामाचे तंत्रही जाणून घेतले.

हे तंत्र पुण्याच्या पुतळ्याच्या वेळी कामी आले. छत्रपती शाहू महाराजांनी पुढाकार घेतलेल्या या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये बसविण्यात आली होती. पुढच्याच वर्षी शाहू महाराजांचे निधन झाले. करमरकरांनी घडविलेल्या, सुमारे साडेतेरा फूट उंचीच्या ब्राँझ पुतळ्याचे ओतकाम मुंबईत माझगाव येथे झाले. तेथून तो रेल्वेने घाट चढून पुण्यास नेण्यात आला. जून १९२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. मंदिराच्या भिंतीवर कोळशाने वा रंगाने रेखाटावी ती प्रतिमा आता धातूत कायमची उभी राहिली होती.

स्मारकशिल्पांनी त्यांना कीर्ती दिली. त्यांच्या मनाचा ओढा मात्र भोवतालच्या साध्या माणसांकडे होता. ‘शंखध्वनी’, ‘मत्स्यगंधा’ यांसारख्या कृतींतून तो स्पष्ट दिसतो. सासवण्याच्या घराच्या आवारातील म्हैस इतकी हुबेहूब आहे, की नवखा माणूस क्षणभर थबकतो. यांतील बरीच शिल्पे सिमेंटची आहेत. संगमरवर आणि ब्राँझ यांना प्रतिष्ठा असलेल्या काळात गवंड्याच्या थापीखालच्या या सामान्य मालातून त्यांनी माणसाच्या कातडीचा पोत आणि वस्त्राची चुणी उमटविली. सिमेंट आळून घट्ट होण्यापूर्वीच हात चालवावा लागतो; तेथे चुकीला फारशी क्षमा नसते. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. १३ जून १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कुटुंबीयांनी निष्ठेने सांभाळलेल्या या घरात सुमारे दीडशे शिल्पे आहेत. एरवी शिल्प एका शहरात, त्याचा कर्ता दुसऱ्या गावी आणि ज्याला पाहून ते घडले तो माणूस तिसरीकडे, अशी ताटातूट होते. येथे गाव, घर आणि शिल्प एकत्र नांदतात. यातील एखादी मूर्ती मुंबईच्या दालनात नेली, तरी तिचे सौंदर्य राहील. ती ज्या अंगणातून आणि माणसांतून जन्मली, त्यांच्याशी असलेला संबंध तुटेल. या वास्तूचे वारसामूल्य नेमके त्या संबंधात आहे.

कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांची अट घालतो. पुरावस्तू व कलानिधी यांविषयीच्या १९७२ च्या कायद्यान्वये ज्या नऊ कलावंतांच्या कृतींना संरक्षण मिळाले, ते प्रामुख्याने चित्रकार होते. आधुनिक भारतीय शिल्पकलेला त्या यादीत स्वतंत्र स्थान नाही. खारे वारे सिमेंटमधील लोखंडाला गंज चढवितात, तो धोका वेगळाच.

रायगड जिल्ह्यात ही चिंता अनाठायी नाही. याच जिल्ह्यातील उलवे येथे विमानतळासाठी टेकडी सपाट करण्यात आली आणि मूळ उलव्यासह दहा गावांचे स्थलांतर झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला होता. धरमतर खाडीवर रेवस-करंजा पूल झाला, की उलव्याकडची वर्दळ उरणमार्गे थेट मांडवा-सासवण्याच्या दारी येईल. रस्ते आणि पूल हवेतच. गावांच्या स्थलांतरात मात्र घरांबरोबर त्यांच्या भिंती, ओटे आणि देवळेही गेली, हे उलवेकर जाणतात. सासवण्याचे घर आज शाबूत आहे. शासनाने त्याची वारसावास्तू म्हणून नोंद करावी, शिल्पांची शास्त्रशुद्ध सूची व्हावी आणि एका कुटुंबाने आजवर वाहिलेल्या भारात समाजाने वाटा उचलावा. नानासाहेबांचे ते उचित स्मारक ठरेल.