टाटा स्टील वाचवायला दोराबजींनी बायकोचा हिराही गहाण ठेवला होता
जमशेटजी टाटा १९०४ मध्ये गेले. पोलाद कारखान्याची जबाबदारी थोरला मुलगा दोराबजींवर आली. लंडनच्या बाजारातून पैसा मिळेना. मग १९०७ मध्ये त्यांनी भारतातच शेअर्स विक्रीला काढले. स्वदेशीचे दिवस होते. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार भारतीयांनी सगळं भागभांडवल उभं केलं. खेळत्या भांडवलासाठी काढलेले कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले.

१९२४ मध्ये मात्र कंपनी डबघाईला आली. तेव्हा दोराबजींनी पत्नी मेहेरबाईंच्या ज्युबिली हिऱ्यासह स्वतःची संपत्ती इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून १ कोटीचं कर्ज मिळवलं. कंपनी तरली.

१९३२ मध्ये दोराबजी वारले. पुढे हिरा विकून आलेला पैसा त्यांच्या ट्रस्टमध्ये गेला. याच ट्रस्टने १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं.