चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर हे वाचा, याच रस्त्यावर ३ हजार वर्षांपूर्वीची महाराष्ट्राची गावं शोधणाऱ्या सांकलियांची गोष्ट

पुणे-नाशिक हायवे म्हटलं की आपल्याला काय आठवतं? भोसरी, मोशी, चाकणचा चौक, कंटेनरच्या रांगा आणि शिफ्ट सुटल्यावर कंपन्यांच्या बसेस. पण चाकण ओलांडून राजगुरुनगर, मंचर करत पुढे गेलात तर याच रस्त्याच्या आसपास महाराष्ट्रातल्या पहिल्यावहिल्या शेतकऱ्यांची गावं सापडलीत. मंचरजवळ घोड नदीकाठी चांडोली आहे, आणखी पुढे संगमनेरजवळ प्रवराकाठी जोर्वे आहे. या गावांना इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळाली ती प्रामुख्याने एका माणसामुळे. हसमुख धीरजलाल सांकलिया.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ ला मुंबईत, गुजराती वकिलांच्या घरात झाला. बाळ इतकं अशक्त होतं की जगेल असं घरच्यांनाही वाटत नव्हतं. पण बाळ जगलं. वयाच्या पंधराव्या वर्षी या मुलाच्या हातात लोकमान्य टिळकांच्या आर्क्टिक होमवरच्या ग्रंथाचं गुजराती भाषांतर पडलं. त्यातलं बरंचसं डोक्यावरून गेलं, पण प्राचीन भारताचा शोध घ्यायचा हे मात्र तेव्हाच पक्कं झालं. म्हणजे टिळकांनी मंडालेला जाण्याआधी लिहिलेल्या एका पुस्तकाने पुढे पुण्याला पुरातत्त्वज्ञ मिळवून दिला असं म्हणायला हरकत नाही.

मुंबईत फादर हेरास यांच्याकडे शिकताना त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. मग लंडन. तिथे गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएचडी केली, आणि मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर हातात खुरपी घेऊन काम केलं. पुस्तकी विद्वान मातीत उतरला तो तिथे.

१९३९ मध्ये येरवड्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि सांकलिया तिथे प्राध्यापक म्हणून आले. सुरुवातीच्या दिवसांतच त्यांनी पुण्याच्या आसपास भटकून मोठमोठ्या दगडांच्या प्राचीन स्मारकांची पाहणी केली. अशी दगडी वर्तुळं बऱ्याचदा मेलेल्या माणसांसाठी उभारलेली असतात. थोडक्यात काय, तर पुण्यातल्या कामाची सुरुवातच मृतांपासून झाली होती.

पुढे १९४१ नंतर ते गुजरातला गेले. मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचं गाव आहे, कोरडा मुलूख, वाळूच्या जुन्या टेकड्या. या वाळूत त्यांना गारगोटीची बारीक हत्यारं सापडली आणि त्यांच्यासोबत पाय पोटाशी घेऊन पुरलेले माणसांचे सांगाडेही. सांगाडे तपासायला डेक्कन कॉलेजमधल्याच इरावती कर्वे त्यांच्यासोबत होत्या. शेती माहीत नसलेली, शिकारीवर जगणारी ही माणसं आपल्या मेलेल्यांना टाकून देत नव्हती, नीट पुरत होती, हे तिथे दिसलं.

आता एक प्रश्न पडेल. प्राचीन माणूस म्हटलं की आपल्याला भीमबेटकासारख्या चित्रं असलेल्या गुहा आठवतात, मग महाराष्ट्रात तशा का दिसत नाहीत? उत्तर दगडात आहे. भीमबेटकाचा दगड वालुकाश्म, तो झिजून छतासारखे आडोसे तयार होतात. आपला दगड बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. आपल्या प्रसिद्ध लेण्या माणसाने छिन्नीने कोरल्या, निसर्गाने आयत्या दिल्या नाहीत. योगायोग म्हणजे भीमबेटकाची चित्रं १९५७ मध्ये जगासमोर आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर हे सांकलियांचेच विद्यार्थी, आणि तिथे खोदकाम करून दफनं शोधणाऱ्यांमध्ये डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र होते.

महाराष्ट्रात मात्र शोध घ्यायचा तो नदीकाठच्या पांढरीत. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी-पांढरट माती. हजारो वर्षांची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडं यांची बनलेली. आजोबांना विचारा, ही माती शेतात खत म्हणून टाकायची पद्धत होती. म्हणजे आपणच कितीतरी गावांचा इतिहास बैलगाडीत भरून उसाला घातलाय.

१९५०-५१ मध्ये जोर्व्याला उत्खनन झालं. लाल भांडी, त्यावर काळी नक्षी. त्यावरूनच या संस्कृतीचं नाव जोर्वे संस्कृती पडलं. मग नेवासा झालं. १९६०-६१ मध्ये त्यांचे सहकारी शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी यांनी चांडोली खोदली. तिथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि मणी ओवलेला जवसाचा धागा तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिला होता. तांबं त्या काळी महाग, लांबून आणावं लागायचं. तरी कुणीतरी ते लेकराच्या गळ्यात ठेवून माती लोटली.

पण सगळ्यात मोठं काम शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं. तीच घोड नदी, फक्त आणखी खाली. १९६८ ते १९८२ अशी वर्षानुवर्षं सांकलिया, म. के. ढवळीकर आणि अन्सारी यांच्या टीमने हे गाव उघडं केलं. इसवी सन पूर्व १६०० ते ७०० च्या दरम्यानचं. घरं, चुली, धान्याच्या कणगी, नदीचं पाणी वळवायला काढलेला पाट. आणि घरांच्या जमिनीखाली माणसं.

लहान मुलं दोन मडक्यांत ठेवलेली, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून आडवी पुरलेली. मोठ्या माणसांना डोकं उत्तरेला करून उताणं झोपवलेलं, पण घोट्याखालचे पाय तोडलेले. का? मेलेला उठून निघून जाऊ नये, घरातच राहावा अशी समजूत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात असं सांगतात, त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही हे कुणी सिद्ध केलेलं नाही, पण वाचताना डोक्यात येतंच.

यातही एक अपवाद सापडला. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात एक पुरुष बसलेल्या स्थितीत पुरला होता. त्याचे पाय शाबूत होते. हा गावचा प्रमुख असावा असं मानलं जातं. म्हणजे मोठ्या माणसांना नियम वेगळे, हे तेव्हापासूनच.

शेवटच्या काळात इनामगाव गरीब होत गेलं. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला आणि लोक शेतीकडून जनावरांकडे वळले, असं ढवळीकरांनी मांडलं.

सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले, १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. रामायणातली लंका मध्य भारतात असावी असं लिहून त्यांनी वादही ओढवून घेतला. पुराव्याशिवाय बोलायचं नाही आणि पुरावा दिसला की गप्प बसायचं नाही, असा त्यांचा स्वभाव होता. मराठी वाचकांसाठी त्यांनी म. श्री. माटे यांच्यासोबत महाराष्ट्राच्या पुरातत्त्वावर पुस्तक केलं. स्वतःच्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं, त्याचा अर्थ होतो पुरातत्त्वासाठी जन्मलेला. जगणार नाही असं वाटलेलं ते बाळ ८० वर्षं जगलं. २८ जानेवारी १९८९ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

इनामगावातल्या आणि इतर उत्खननांतल्या वस्तू येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. पिंपरीहून तासाभरात पोहोचता येतं, ट्रॅफिक नसेल तर.